आधी ‘दे’, मग ‘आण’

चेंडू फेकला की कुत्रा धावतो. त्यात शिकवण्यासारखं काही नसतं. धावत जाऊन तो चेंडू तोंडात धरतो, हेही बहुतेक वेळा आपोआप घडतं. गाडी अडते ती त्यानंतर. चेंडू तोंडात आला की साहेब एकदा तुमच्याकडे बघतात, शेपूट उंच करतात आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळत सुटतात. तुम्ही मागे धावलात की त्यांना हवा तो खेळ सुरू झाला. आठवडाभर हे चाललं की मालक ठरवून टाकतो, ‘आमच्याला आणून द्यायचं कळतच नाही.’ खरं तर त्याला सगळं कळलेलं असतं. चेंडू दिला की खेळ संपतो आणि नाही दिला की माणूस धावतो, एवढा हिशेब त्याने पहिल्याच दिवशी मांडलेला असतो.

आज्ञापालनाच्या प्रशिक्षणात वस्तू आणण्याचा धडा म्हणूनच शेवटाकडून शिकवायचा असतो. पहिला शब्द ‘धर’, मग ‘दे’, मग ‘उचल’ आणि अगदी अखेरीस ‘आण’. बघणाऱ्याला धावण्याचा भाग मुख्य वाटतो, पण तो सर्वांत शेवटी येतो आणि सर्वांत कमी वेळ घेतो.

धावणं आणि धरणं मुळात येतं कुठून? अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी शिकारी प्राण्याच्या वागण्याची एक साखळी मांडली होती: भक्ष्य हेरणं, नजर रोखणं, दबकत पुढे सरकणं, पाठलाग, पकड, ठार मारणारा चावा, फाडणं, खाणं. लांडग्यात ही साखळी सलग असते. माणसाने कुत्र्यांच्या जाती घडवताना हिच्यातल्या काही कड्या घट्ट केल्या, काही सैल सोडल्या. बॉर्डर कोलीत रोखलेली नजर आणि पाठलाग टिकले, चावा मागे पडला; मेंढ्या वळवायला तेच हवं होतं. रिट्रीव्हर जातींत पाठलाग आणि पकड राहिली, ठार मारणारा चावा बोथट झाला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये बंदुका सुधारल्या, मारलेले पक्षी लांब जाऊन पडू लागले आणि ते न चिरडता आणून देणारा कुत्रा हवा झाला. डडली मार्जोरीबँक्स, म्हणजे पुढचे लॉर्ड ट्वीडमथ, यांनी स्कॉटलंडमधल्या आपल्या इस्टेटीवर १८६८ मध्ये एक पिवळसर रिट्रीव्हर आणि एक ट्वीड वॉटर स्पॅनियल मादी अशी जोडी जमवली. आजच्या गोल्डन रिट्रीव्हरची वंशावळ तिथून मोजतात. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांकडचे पाणकुत्रे. त्यांना पाण्यातून काहीतरी तोंडात धरून आणायची सवय पिढ्यान्‌पिढ्या होती.

पण ही ओढ रिट्रीव्हरांपुरती नाही. स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात माणसाने हातावर वाढवलेल्या लांडग्याच्या १३ पिल्लांपुढे चेंडू टाकला होता. पिल्लं आठ आठवड्यांची, चेंडू टाकणारा माणूस अनोळखी. बहुतेकांनी चेंडूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिघांनी मात्र त्या परक्या माणसाच्या बोलावण्यावर चेंडू त्याच्याकडे आणला. कुत्रा माणसाळण्याआधीच, काही थोड्या लांडग्यांत का होईना, हे बीज असावं असा त्याचा अर्थ निघतो.

आपल्या दख्खनी जातींकडून मात्र फार अपेक्षा ठेवून बसू नये. कारवान आणि मुधोळ हे नजरेने हेरून सशामागे सुटणारे कुत्रे. त्यांची निवड वेगावर झाली, आणून देण्यावर नाही. असा कुत्रा दोनदा चेंडूमागे जाईल आणि तिसऱ्यांदा ‘तुला हवा असेल तर तूच आण’ अशा नजरेने तुमच्याकडे बघेल. त्याला आळशी म्हणणं अन्याय आहे. गावठी कुत्र्यांत तर एकाच वेतातली दोन भावंडं या बाबतीत दोन टोकांना सापडतात. गंमत अशी की औपचारिक धडा यांच्यापैकी कुणालाही शिकवता येतो, कारण तो उपजत ओढीवर उभा नसतो. उलट ज्या लॅब्राडॉरला चेंडूचं वेड असतं, त्याचा मालक पाया घालण्याचा कंटाळा करतो आणि परीक्षेच्या मैदानात त्याचाच कुत्रा डंबेल चघळत उभा राहतो.

परीक्षेत नेमकं काय मागतात ते पाहिलं की हा फरक लक्षात येईल. अमेरिकन केनेल क्लबच्या ‘ओपन’ वर्गात कुत्रा मालकाच्या डाव्या पायाशी बसलेला असतो. परीक्षक सांगतो, ‘फेका.’ मालक लाकडी डंबेल किमान २० फूट अंतरावर फेकतो. कुत्र्याने हलायचं नाही. परीक्षक म्हणतो, ‘पाठवा.’ मालकाने आज्ञा एकदाच द्यायची. कुत्र्याने थेट आणि झपाझप जायचं, डंबेल उचलायचं, न चघळता, न खेळता तसंच थेट परत यायचं, मालकासमोर हात पोचेल इतक्या जवळ सरळ बसायचं आणि डंबेल तोंडात धरून थांबायचं. ‘घ्या’ असा आदेश आला की मालकाने ते काढून घ्यायचं. मग आज्ञेवरून कुत्र्याने पुन्हा डाव्या बाजूला येऊन बसायचं. सगळं मिळून मिनिटभराचंही काम नाही. याला २० गुण. हेच उंच अडथळ्यावरून जाऊन-येऊन केलं तर ३०. एकूण २०० पैकी १७० गुण मिळाले तरच उत्तीर्ण, शिवाय प्रत्येक प्रकारात निम्म्याहून जास्त गुण हवेत. आज्ञेआधी धावला की त्या फेरीपुरता निकाल लागलाच. जर्मनीत वाढलेल्या आणि पूर्वी शुट्झहुंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेत हेच ६५० ग्रॅम वजनाच्या डंबेलने करायचं असतं: एकदा सपाटीवर, एकदा एक मीटर उंचीच्या अडथळ्यावरून आणि एकदा १.८० मीटर उंचीच्या उतरत्या भिंतीवरून. जुन्या नियमांत वरच्या पातळीला सपाटीवरचं डंबेल दोन किलोचं असे.

अमेरिकेत या परीक्षा आल्या त्या एका पूडलप्रेमी बाईंच्या चिडीतून. हेलन व्हाइटहाउस वॉकर पूडल पाळायच्या, आणि पूडल म्हणजे नुसता केस कापून मिरवायचा कुत्रा, ही लोकांची समजूत त्यांना खपत नव्हती. इंग्लंडमधल्या आज्ञापालनाच्या स्पर्धांचा नमुना घेऊन त्यांनी ऑक्टोबर १९३३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट किस्को इथे पहिली परीक्षा भरवली. आठ कुत्री उतरली. तीन वर्षांत अमेरिकन केनेल क्लबने नियम स्वीकारले, आणि १९३७ मध्ये वॉकरबाई आणि त्यांच्या सहकारी ब्लँच साँडर्स गाडीला ट्रेलर जोडून, पूडल सोबत घेऊन देशभर प्रात्यक्षिकं करत हिंडल्या. पूडल हा मुळात पाण्यातून बदकं काढून आणणारा कुत्रा आहे, हे लोक तेव्हाच विसरले होते. आजही विसरलेलेच आहेत.

आता वस्तूकडे वळू. डंबेल म्हणजे मधे दांडी आणि दोन टोकांना ठोकळे. व्यायामशाळेतलं नाही, खास कुत्र्यांसाठी बनवलेलं हलक्या लाकडाचं किंवा प्लास्टिकचं. चेंडूऐवजी डंबेलच का, याचं कारण ठोकळ्यांत आहे. त्यांच्यामुळे दांडी जमिनीपासून वर राहते, कुत्र्याला खालचा जबडा तिच्याखाली सहज घालता येतो आणि पकड नेमकी मधोमध बसते. दांडीची लांबी कुत्र्याच्या तोंडाच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त हवी. कमी असली तर ठोकळे ओठांना टोचतात, फार जास्त असली तर डंबेल एका बाजूला घसरतं आणि कुत्रा ते सावरण्यासाठी चावत राहतो. ठोकळे इतके उंच नकोत की धावताना त्याला पुढचं दिसू नये. चघळण्याची सवय जडलेली निम्मी कुत्री नीट मापाचं डंबेल दिल्यावर सुधारतात, असं मला वाटतं; लोक मात्र दुकानात जे मिळेल ते आणतात आणि दोष कुत्र्याच्या स्वभावाला देतात.

शिकवण्याच्या पद्धतीवरून या क्षेत्रात शंभर वर्षं भांडण चाललं आहे. जर्मन पोलिसांची कुत्री तयार करणाऱ्या कोनराड मोस्ट यांचं पुस्तक १९१० मध्ये आलं आणि सक्तीच्या प्रशिक्षणाची ती पोथीच झाली. पुढे डिस्नेच्या चित्रपटांसाठी प्राणी तयार करणाऱ्या विल्यम कोहलर यांच्या १९६२ च्या पुस्तकाने अमेरिकेत घराघरात तीच शिस्त नेली. सक्तीने वस्तू आणायला शिकवण्याची ठरलेली रीत म्हणजे कान चिमटणं. कुत्र्याचा कान दाबायचा, दुखून त्याने तोंड उघडलं की डंबेल आत सरकवायचं आणि त्याच क्षणी कान सोडायचा. वेदना थांबवायचा एकच मार्ग आहे, डंबेल तोंडात घेणं, हे त्याला कळेपर्यंत. शिकारी कुत्र्यांच्या प्रशिक्षणात पायाच्या बोटाला दोरी बांधून ती ओढण्याची आणखी एक तऱ्हा आहे. या मंडळींचं म्हणणं असं की खेळ म्हणून आणणारा कुत्रा मन लागेल तेव्हाच आणील. कर्तव्य म्हणून आणणारा पावसात, गर्दीत, थकला असतानाही आणील.

हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. खात्रीचं काम हवं असेल तर निव्वळ उत्साहावर विसंबून चालत नाही, हे खरंच आहे. फसगत पुढच्या पायरीवर होते: खात्री फक्त वेदनेतूनच येते, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. पोर्तुगालमधल्या पोर्तो इथे सात श्वानशाळांतल्या ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दटावणी आणि झटक्यांवर भर देणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत प्रशिक्षणादरम्यान ताणाची लक्षणं जास्त दिसली, आणि धड्यानंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरकही जास्त वाढलेलं आढळलं. शिवाय घरच्या माणसाच्या हातून कान चिमटण्याची वेळ हमखास चुकते, आणि वेळ चुकलेली सक्ती म्हणजे नुसता छळ. मी ती पद्धत इथे शिकवणार नाही.

दुसरी वाट प्रयोगशाळेतून आली. वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात प्राण्यांना कसं शिकवावं यावर लेख लिहिला. त्यात ‘टिक’ असा आवाज करणारं मुलांचं खेळणं वापरण्याची सूचना होती. आवाज आणि खाऊ यांची जोडी आधी जमवायची, मग हवी ती कृती घडताक्षणी आवाज करायचा. डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांच्या १९८४ च्या पुस्तकाने हा विचार पुढे सर्वसामान्य मालकांपर्यंत नेला. आज असा आवाज करणारा क्लिकर कुठेही मिळतो. नसला तरी बिघडत नाही. एखादा छोटा, एरवी बोलण्यात न येणारा शब्दही चालतो. त्याला आपण ‘खूण’ म्हणू. ‘शाब्बास माझ्या राजा’ ही खूण होऊ शकत नाही, ते वाक्य संपेपर्यंत कुत्र्याने डंबेल सोडून कान खाजवलेला असतो.

सुरुवात करा ती मैदानात नव्हे, घरात. एका सत्राला तीन-चार मिनिटं पुरतात. खाऊ वाटाण्याएवढा: उकडलेलं चिकन, कलेजी, पनीर, ज्यासाठी तो जीव टाकत असेल ते. लॅब्राडॉरवाल्यांना इथे निसर्गाची मदत आहे. केंब्रिजमधल्या संशोधकांना २०१६ मध्ये साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला. असे कुत्रे खाण्यासाठी अधिक हपापलेले असतात. शिकवायला सोपे, आणि जाड व्हायलाही. म्हणून सरावाचा खाऊ जेवणातून वजा करायला विसरू नका.

डंबेल हातात आडवं धरा, दांडी त्याच्या तोंडासमोर. तो हुंगेल. खूण, खाऊ. पुन्हा हुंगेल. खूण, खाऊ. हे त्याला नीट जमलं की हुंगण्याचे पैसे बंद. आता तो चक्रावेल, पुन्हा जोरात नाक मारेल, पंजा मारेल, भुंकेल आणि अखेर वैतागून दांडीला दात लावेल. तोच क्षण पकडायचा. आधी मिळणारं बक्षीस अचानक थांबलं की प्राणी तीच कृती वाढवून, बदलून पाहतो. आपण त्या वैतागाचा उपयोग करून घेतो. वैताग फार वाढून तो निघून गेला तर तुम्ही पायरी फार उंच ठेवली होती. नुसतं ओठ उघडण्यालाही खूण द्या.

दात लागले, मग क्षणभर पकड, मग अर्धा सेकंद, मग एक. इथे फार घाई होते. ‘धरणं’ हा या संपूर्ण धड्याचा कणा आहे, आणि लोक त्याला एक संध्याकाळ देतात. शांतपणे धरलेलं आणि चघळत धरलेलं यांत फरक करायला तुमच्या डोळ्यांनी शिकायचं असतं. जबडा स्थिर झाला, त्याच सेकंदाला खूण. चघळताना खूण गेली तर तुम्ही चघळणं शिकवलंत, आणि ते काढायला घालण्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात. पाच-सात सेकंद स्थिर पकड येईपर्यंत शब्द वापरूच नका. कृती पक्की झाली की मग तिला नाव द्यायचं, ‘धर’. न येणाऱ्या गोष्टीची आज्ञा दहा वेळा ओरडली, तर ती आज्ञा म्हणजे आजूबाजूचा गोंगाट, एवढंच तो शिकतो.

मग हात. हा अनेकांच्या लक्षातच न येणारा अडथळा आहे. कुत्रा सुंदर धरून बसतो, तुम्ही डंबेल घ्यायला हात पुढे करता आणि ते हात पोचण्याआधीच जमिनीवर पडतं. कारण आतापर्यंत हात आला म्हणजे खाऊ आला. म्हणून हात येणं ही वेगळी पायरी करायची. हात थोडा हलवा; त्याने पकड सोडली नाही तर खूण. हात डंबेलजवळ न्या, मागे घ्या. सोडलं नाही, खूण. ठोकळ्याला बोट लावा, दांडी हलकेच ओढा, सोडा. ओढल्यावर पकड घट्ट होते हे पाहून बरेच जण चकित होतात, पण ते साहजिक आहे; ओढाताण कुठल्या कुत्र्याला आवडत नाही? आणि मग ‘दे’. दोन्ही हातांनी ठोकळे धरा, शब्द उच्चारा, हात स्थिर ठेवा आणि वाट पाहा. सोडलं की खूण, खाऊ, आणि लगेच डंबेल परत त्याच्या तोंडी. हे परत देणं महत्त्वाचं. दिलेली वस्तू परत मिळते हा अनुभव असलेला कुत्रा चेंडू घेऊन पळत नाही. ज्याला पळण्याची सवय लागलीच आहे त्याच्याशी दोन सारखे चेंडू घेऊन खेळा: एक आणला, सोडला की तत्काळ दुसरा उडतो. मागे मात्र कधीही धावायचं नाही. पळायचंच असेल तर उलट्या दिशेने पळा, तो तुमच्या मागे येईल.

हातातून जमिनीवर जाणं म्हणजे त्याच्या दृष्टीने नवाच धडा. हात गुडघ्यापर्यंत, मग नडगीपर्यंत, मग एक ठोकळा जमिनीला टेकलेला आणि दुसऱ्यावर तुमची बोटं, मग बोटं बाजूला. जो कुत्रा हातातून झडप घालून घेत होता तोच जमिनीवरच्या डंबेलकडे मठ्ठासारखा बघेल. दोन पायऱ्या मागे या. पुढच्या वेळी तो लवकर पुढे सरकेल. उचललेलं तोंडात ठेवून चालणं ही आणखी एक स्वतंत्र पायरी. बसून मिनिटभर धरणारे कुत्रे एक पाऊल टाकताच ते टाकून देतात. त्याच्यासमोर उभे राहा, एक पाऊल मागे सरका, त्याला एक पाऊल पुढे येऊ द्या. मग दोन. मग अखेरीस समोर येऊन सरळ बसणं. ती बैठक आधी डंबेलशिवाय पक्की झालेली असली तर इथे एक दिवसाचं काम उरतं.

आणि आता फेका. चार-पाच फूटच. धावण्याचा उत्साह त्याच्याजवळ होताच, बाकीच्या कड्या तुम्ही जोडलेल्या आहेत. या उलट्या क्रमाचा खरा फायदा इथे दिसतो. सरळ क्रमाने शिकलेला कुत्रा ओळखीच्या भागाकडून अनोळखी भागाकडे जातो, त्यामुळे शेवटाकडे ढिला पडतो. आपला कुत्रा प्रत्येक पावलागणिक जास्त पक्क्या, जास्त वेळा बक्षीस मिळालेल्या भागाकडे येत असतो. म्हणून परतताना त्याचा वेग वाढतो.

आज्ञेपर्यंत थांबणं मात्र इतक्यात मागू नका. पहिले काही आठवडे पट्ट्यात बोट अडकवून त्याला धरा, डंबेल पडलं की ‘आण’ म्हणून सोडा. थांबण्यासाठी वारंवार दटावलेला कुत्रा ‘आण’ म्हटल्यावरही तुमच्या तोंडाकडे बघत बसतो; पुढे जाणं ही चूक होती की नव्हती, याचा त्याला उलगडा होत नाही. थांबण्याचा सराव वेगळा घ्या. कधी डंबेल फेकून तुम्हीच जाऊन उचलून आणा आणि बसून राहिल्याबद्दल त्याला खाऊ द्या.

अडथळ्यावरून आणायचं असेल तिथेही हीच रीत. चुका जाताना होत नाहीत, परतताना होतात: डंबेल उचललं की कुत्रा अडथळ्याला वळसा घालून सरळ रस्त्याने येतो. त्याचं तर्कशास्त्र बिनचूक आहे. म्हणून आधी परतीची उडी शिकवा. अडथळा अगदी बुटका ठेवा, डंबेल तोंडात असलेल्या कुत्र्याला पलीकडे जवळच बसवा, स्वतः अलीकडे उभं राहून बोलवा. उंची हळूहळू वाढवा. पिल्लाच्या वयात उंच उड्या नकोतच.

सराव किती? रोज तासभर घाम गाळणाऱ्यांना एक अभ्यास पटणार नाही. डेन्मार्कमध्ये ४४ बीगल कुत्र्यांवर केलेला हा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एक-दोनदा शिकवलेल्या कुत्र्यांना तोच धडा रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी सत्रांत आला. दिवस जास्त लागले, सत्रं कमी लागली. कामधंदा सांभाळून कुत्रा शिकवणाऱ्याने अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

आपल्या हवेचा विचार युरोपीय पुस्तकांत सापडत नाही. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि धापा टाकायला तोंड उघडं लागतं. मार्च ते जून सकाळी नऊनंतर डंबेल घट्ट धरायला लावणं म्हणजे त्याचा पंखाच बंद करणं. उन्हात पकड सैल झाली, चघळणं सुरू झालं तर तो दोष प्रशिक्षणाचा नाही, तापमानाचा आहे. पहाटे किंवा रात्री, आणि फेकण्याच्या मोजक्याच खेपा. चार ते सहा महिन्यांच्या वयात दुधाचे दात पडून पक्के येत असतात, हिरड्या दुखतात. त्या काळात ‘धर’चा आग्रह सोडून द्यावा, नाहीतर डंबेल म्हणजे दुखणं हे मनात पक्कं बसतं. काठ्या फेकू नयेत. जमिनीत उभी रुतलेली काठी धावत येणाऱ्या कुत्र्याच्या घशात घुसल्याच्या जखमा पशुवैद्यांना नव्या नाहीत. टेनिसचा चेंडू सतत चघळायला दिला तर त्याची लव आणि तिच्यात अडकलेली माती मिळून दात घासून काढते. आणि दगड तर मुळीच नको, कितीही हट्टाने आणून पायाशी ठेवत असला तरी.

एवढं जमलं की वरच्या वर्गाचं दार उघडतं, आणि माझ्या मते खरी मजा तिथे आहे. अमेरिकन केनेल क्लबच्या ‘युटिलिटी’ वर्गात सहसा पाच चामड्याच्या आणि पाच धातूच्या, एकसारख्या दिसणाऱ्या वस्तू असतात. त्यांतली एक मालक हाताने चोळतो. ती इतरांमध्ये ठेवली जाते आणि कुत्र्याने फक्त वासावरून तीच शोधून आणायची. मग दुसऱ्या प्रकारच्या वस्तूने पुन्हा तेच. धातूला बहुतेक कुत्री सुरुवातीला नाक मुरडतात, दातांना तो स्पर्श आवडत नाही. इथे पुन्हा हातातून धरण्यापासूनच आरंभ करावा लागतो. वास ओळखणं कुत्र्याला अवघड नसतं. आपला वास म्हणजे त्याच्या घराचाच वास. अवघड असतं ते हे की मालकाला यांतली नेमकी कुठली हवी आहे. वस्तू आणून देणं हे कुत्र्याच्या हातातलं उत्तर देण्याचं साधन आहे, हे संशोधकांनीही ओळखलं आहे. दक्षिण कॅरोलिनातले मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन पिली यांच्या चेसर या बॉर्डर कोलीला १,०२२ खेळण्यांची नावं वेगवेगळी ओळखता येत होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला तो निष्कर्ष काढता आला, कारण चेसर नाव ऐकून ते खेळणं आणून देत असे.

या वासाच्या परीक्षेत होणारी ठरावीक चूक सांगून ठेवतो. कुत्रा ढिगाशी जातो, हुंगतो, बरोबर वस्तूवर नाक ठेवतो, मग मान वर करून मालकाकडे बघतो. मालकाचा चेहरा कोरा, कारण नियमांनी त्याला काही बोलता येत नाही. कुत्रा ती सोडून शेजारची उचलतो. सरावात कधी चुकीच्या वस्तूवर ‘नाही!’ म्हणून ओरडलेलं असेल तर हे हमखास घडतं. बघणं ही त्याची विचारणा असते. चुकीची वस्तू आणली तर ती गुपचूप घ्या, खाऊ देऊ नका, रागही नको. पुढच्या खेपेला न चोळलेल्या दोनच वस्तू ठेवा, त्याही चटईला दोऱ्याने बांधलेल्या. बांधलेली उचलता येत नाही, सुटी आहे ती येते, आणि मालकाला तोंड उघडावं लागत नाही.